गॅलनची पंगत

भाजलेली बदकं लेनीच्या गाडीत ठेवायला मी साफ नकार दिला आणि त्या रविवारच्या भांडणाला तिथूनच तोंड फुटलं.

लेनी म्हणजे माझा धाकटा दीर. ओमाहाला विमा विकतो. त्या उन्हाळ्यात पेट्रोल चार डॉलरवर गेलं तशी त्याने अर्धी विजेवर चालणारी नवी गाडी घेतली, आणि तेव्हापासून त्याच्याशी धड हवापाण्याच्या गप्पाही मारता येत नव्हत्या. पाऊस म्हटलं की ओल्या रस्त्यावर मायलेज किती पडतं ते सांगायचा. ते आणखी वाढावं म्हणून ऐन ऑगस्टात एसी बंद ठेवून घामाने निथळत यायचा.

“तुझ्या गाडीत ठेवली तर पंगत बसेपर्यंत बदकं दुसऱ्यांदा भाजून निघतील,” मी म्हटलं.

“अगं वहिनी, पन्नास देते ती! गॅलनला पन्नास मैल!”

“देऊ दे की. बदकं माझ्या मांडीवर येतील.”

“म्हणजे तू रॅम्बलरमध्ये बसणार,” माझी नणंद जॉर्जीन खसखशीच्या कोलाचींचा, म्हणजे चेक गोड पावांचा, ट्रे सांभाळत पायरीवरूनच म्हणाली. “पुढे रूडी, मागे तू. दोन्ही साक्षीदार एकाच पक्षाचे! हा कुठला न्याय?”

“मी कुठल्या पक्षाची ते तू नको ठरवूस.”

खरं सांगायचं तर मी तिच्याच पक्षाची होते. पण नणंदेला असलं काही आधीच सांगून टाकायचं नसतं.

पक्ष दोनच होते. सासरे मार्चमध्ये गेल्यापासून त्यांची त्रेसष्ट सालची रॅम्बलर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. माझ्या नवऱ्याचं, रूडीचं म्हणणं, विकून टाका. लिंकन शहरातला एक माणूस घ्यायला तयार होता. तिच्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन काढून तो आठाचं बसवणार होता. लेनी रूडीच्या बाजूने. जॉर्जीनचं म्हणणं, गाडी तिच्या लेकीला, लीडाला द्या.

लीडा जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स आहे आणि आजीजवळ शेतावरच राहते. रोजचं जाणंयेणं लांबचं, आणि तिचा तो जुना पिकअप पाण्यासारखं पेट्रोल पितो. तिने लिंकनला एक खोली बघून ठेवली होती. परवडणारी गाडी मिळाली नाही तर पुढच्या आठवड्यात ती तिकडे राहायला जाणार होती. मग चौऱ्याऐंशीच्या सासूबाई त्या एवढ्या घरात एकट्या. हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आमच्याकडे जे खरं दुखतं त्यावर बोलत नाहीत, मायलेजवर बोलतात.

तोडगा काढला तो सासूबाईंनीच, सकाळी डम्पलिंगचं पीठ मळता मळता.

“तुमचा बाप, एमिल, काय म्हणायचा? माझ्या झाकणापुढे जाईल त्याची गाडी. म्हणायचा की नाही?”

“म्हणायचे,” रूडी म्हणाला. “दर बिअरमागे एकदा.”

“मग झालं तर. आजचा गॅलन लीडा चालवेल. गेली झाकणापुढे तर गाडी तिची. नाही गेली तर विका आणि मला काही विचारू नका.”

लीडाने आजीकडे पाहिलं. “बाबी, आजवर कुणी गेलंय का त्या झाकणापुढे?”

“नाही. म्हणून तर झाकण अजून तिथे आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि पिठाचा हात झटकून मोकळ्या झाल्या.

माझ्या सासरच्या, झेलेंकांच्या घरचा गॅलन म्हणजे काय ते मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी दोनदा विचार केला असता. मी शेजारच्या गावातल्या लुथरन घरातली. आमच्याकडे उन्हाळा संपताना नातेवाईक जमतात, बटाट्याचं सॅलड खातात आणि आपापल्या घरी जातात. इथे मात्र वर्षातून एकदा रॅम्बलरची टाकीकडून येणारी नळी काढायची आणि बॉनेटखाली लाकडी खोक्यात बसवलेल्या काचेच्या बरणीची जोडायची. खोक्याला एक फट, फटीतून दिसते ती लाल रेघ. रेघेपर्यंत पेट्रोल ओतलं की झाला गॅलन. मग निघायचं, आणि गॅलन संपून गाडी जिथे थांबेल तिथे पंगत मांडायची. सगळं खानदान जेवण घेऊन मागून येतं. आम्ही बांधावर जेवलोय, रेल्वेच्या फाटकाशी जेवलोय, एकदा तर आमच्याच लुथरन चर्चच्या दारात बिअरची पिंपं उघडून जेवलोय. माझ्या आईने त्यानंतर कितीतरी दिवस माझा फोन घेतला नाही.

आणि सरळ हायवेला लागायचं नाही. सासरे म्हणायचे, हायवेवर कुणीही मायलेज काढेल, गाडीची खरी परीक्षा रोजच्या कामात. त्यामुळे आधी टपाल कार्यालय, मग धान्याचं कोठार, बेकरी, चर्च. प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद करायचं, उतरायचं, दार ओढून बघायचं, परत बसून गाडी चालू करायची. रविवारी टपाल कार्यालय बंद असतं हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दार ओढून बघायचंच. त्यानंतर गावाबाहेरचा कच्चा रस्ता, गॅलन संपेपर्यंत.

एकाहत्तर साली सासरे त्या रस्त्याने ओढ्याच्या पुलापर्यंत गेले. पुलाच्या कठड्याला त्यांनी बिअरच्या बाटलीचं झाकण ठोकलं आणि परत कधी गॅलन चालवला नाही. पुढे सदतीस वर्षं त्यांनी फक्त इतरांच्या चुका काढल्या.

त्यातल्या बहुतेक रूडीच्या वाट्याला आल्या. शहात्तर साली, आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा, रूडीने गॅलन चालवला. मी शेजारी बसले होते. पाय हलका पडावा म्हणून त्याने उजवा बूट काढून माझ्याकडे दिला आणि नुसत्या मोज्याने ॲक्सिलरेटर असा दाबत होता की जणू खाली अंडं ठेवलंय. गाडी मोडक्या पवनचक्कीशी थांबली. पूल समोर दिसत होता. सासरे मागून आले, खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, “पाय जड आहे रे तुझा.”

झालं. तेच नाव पडलं. धान्याच्या कोठारावर, चर्चमध्ये, आमच्या पोरांच्या बारशाला, सगळीकडे “काय जडपाय, बरं चाललंय?” रूडी हसायचा. घरी आला की त्या हसण्याचं काय व्हायचं ते मला माहीत आहे. तो त्या गाडीवर का चिडून होता हे इतरांना कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि तरीही मला ती लीडाला मिळायला हवी होती. बायकोच्या जातीला एकाच वेळी दोन्ही बाजूंचं वाटू शकतं.

शेतावरची पेट्रोलची मोठी टाकी सासरे गेल्यावर काढून टाकली होती. म्हणून या वेळी लेनीने गावातल्या पंपावरून लाल डब्यात मोजून एक गॅलन आणला. रेघेपर्यंत ओतून झालं तेव्हा त्याने डबा कानाशी हलवला.

“यात अजून वाजतंय.”

“डब्यात थोडं राहतंच. बंद कर ते बॉनेट,” रूडी म्हणाला.

लीडा चालवायला बसली. तिने आजोबांची जुनी टोपी घातली होती. टपाल कार्यालयाचं दार ओढलं, बेकरीचं ओढलं, चर्चचं उघडंच होतं म्हणून आत डोकावून एक क्रॉसची खूणही करून आली.

“प्रार्थना करायची नसते. नियमात नाही,” रूडी म्हणाला.

“रूडीमामा, तुम्ही साक्षीदार आहात की पंच?”

“दोन्ही.”

“मग पंचांनी चोकवरचा हात काढा.”

रूडीने हात काढला. गिअर बदलताना लीडा घाई करत नव्हती. कच्च्या रस्त्याला लागल्यावर तिने वेग जरा वाढवला आणि पाय अलगद उचलला. खालून टक् असा आवाज आला. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पेट्रोल वाचवणारा वरचा गिअर, बसला आणि इंजिनाचा आवाज एकदम निवला. उताराला ती पेट्रोल तोडून गाडी नुसती सोडून देत होती.

“हे कुणी शिकवलं तुला?” रूडीने विचारलं.

“देदांनी. जानेवारीत. अंथरुणावरून.” देदा म्हणजे तिचे आजोबा. “पलंगाच्या कडेवर पाय ठेवायला लावायचे मला, आणि म्हणायचे, आता उचल, आता ठेव.”

रूडी खिडकीबाहेर मका बघत राहिला. मला पाठीमागून फक्त त्याची मान दिसत होती, पण तेहतीस वर्षं त्या मानेकडे बघतेय मी. त्याला बापाने असं काही कधी शिकवलं नव्हतं.

मागच्या गाडीत वेगळंच चाललं होतं, जॉर्जीनने नंतर सांगितलं. ती सासूबाईंना म्हणाली, “आई, नाहीच पोचली तर? तू एकटी राहशील?” सासूबाई म्हणाल्या, “राहशील का म्हणून मला कोण विचारतंय? तू नीट चालव, डम्पलिंगचं भांडं हिंदकळतंय.” आणि मग बराच वेळ त्या पदर चाचपावा तशा ॲप्रनचं टोक चाचपत बसल्या.

इंजिन खोकलं ते नोव्हाकांच्या डुकरांच्या गोठ्याच्या अलीकडे. लीडाने क्लच दाबला, गाडी जितकी जाईल तितकी जाऊ दिली. जाता जाता ती बरोब्बर गोठ्याच्या दारात थांबली. पवनचक्की पुढे मैलभर. पूल त्याच्याही पलीकडे.

लीडाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“चांगली चालवलीस,” रूडी म्हणाला. मनापासून म्हणाला.

“चांगली चालवून काय उपयोग, मामा,” ती म्हणाली आणि रडायला लागली. नर्स असली म्हणून काय झालं.

मागच्या गाड्या येऊन थांबल्या. वारा नेमका गोठ्याकडून होता. जॉर्जीनने नाकाला रुमाल लावला. “मी इथे जेवणार नाही. मेले तरी नाही.”

“नियम म्हणजे नियम,” सासूबाई घडीच्या खुर्चीत बसल्या. “बदकं काढ, अर्लीन,” त्या मला म्हणाल्या.

“आई, अहो, वास तरी बघा!”

“चौपन्न साली आपल्याकडे याच्या दुप्पट डुकरं होती.”

“थांबा थांबा,” लेनी डिकीतून लाल डबा घेऊन आला. “यात उरलंय ते ओततो. तेवढं पुढे जाऊन वाऱ्याच्या पलीकडे बसू. त्यात कसला आलाय नियम?” आणि डबा उचलल्यावर तो तसाच उभा राहिला. “अरे, पण हे जास्त आहे.”

“काय जास्त आहे?”

“उरलेलं. चांगले दोन पेले भरतील. मी एक गॅलन आणला. रेघेपर्यंत एक गॅलन ओतला. मग हे कुठून आलं?”

“पंपवाल्याने जास्त दिलं असेल,” जॉर्जीन म्हणाली.

“पंपवाला? जास्त? कुठल्या देशात राहतेस तू?” लेनी बॉनेटपाशी गेला, खोक्याचे खिळे उचकटले आणि बरणी बाहेर काढली. आजवर ती अख्खी कुणी पाहिलीच नव्हती, खोक्याच्या फटीतून तेवढी रेघ दिसायची. “ही गॅलनची नाहीये. ही खालून निमुळती आहे.”

“ती माझी कोबीची आहे,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे वळले.

“कोबी आंबवायची बरणी माझी. पहिली फुटली ना. पुलाच्या पुढच्या वसंतात मी धुवायला काढली आणि हातातून सटकली. मग ही बसवली.”

“आई,” रूडी अगदी हळू म्हणाला, “आणि रेघ?”

“रेघ मीच काढली. उगाच नाही काढली, मोजून काढली. जुनीवर तळापासून एक वीत दोन बोटं होती, हिच्यावरही एक वीत दोन बोटं. चुकले असेन तर सांगा.”

“पण ही निमुळती आहे, आई! तेवढ्याच उंचीला हिच्यात कमी मावतं!”

“बरणी म्हणजे बरणी! एमिल पेरणीत होता. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टी नवऱ्याला सांगत बसले असते तर शेत कोणी केलं असतं?”

लेनी जमिनीवर बसून बोटांवर आकडे करायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या मायलेजच्या वेडाचं कौतुक वाटलं. “इतक्या पेट्रोलमध्ये ही गाडी दोन मैल सहज जाते. इथून पूल दीड मैल. म्हणजे लीडा पुलापलीकडे गेली असती!”

“गेलीच समजा!” जॉर्जीनने रुमाल फेकून दिला. “गाडी लीडाची!”

माझ्या मात्र डोळ्यांपुढे एक बूट आला, माझ्या मांडीवरचा. मी म्हटलं, “शहात्तर.”

“काय शहात्तर?”

“शहात्तर साली बरणी कोबीचीच होती. रूडी पवनचक्कीशी थांबला होता. तिथून पूल किती, लेनी?”

लेनीने एकदा पुढे रस्त्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. “अर्धा मैल,” तो म्हणाला. “रूडी, तू बाबांच्या कितीतरी पुढे गेला असतास.”

रूडीचा चेहरा असा झाला की मला बघवेना. साठीचा माणूस, पण पाठीत काही तरी सरळ झालं त्याच्या. अख्ख्या गावाने त्याला जडपाय म्हटलं होतं, आणि त्याचा पाय बापापेक्षा हलका होता.

“एमिलला कळलं असतं तर बाई गं, किती दिवस जेवला नसता,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी ॲप्रनने डोळे पुसले. “माझ्या बरणीपायी रे, बाळा.”

“असू दे, आई.”

“असू दे कसं? झाकणापुढे जाईल त्याची गाडी. तू आधी गेलास. गाडी तुझी.”

जॉर्जीन तरातरा पुढे आली. “आई! तो विकणार आहे ती!”

“त्याची आहे. विको नाही तर पुरो.”

नंतर लीडा मला म्हणाली, मामी, मला मामांचा रागच येईना, आणि त्याचाच मला राग येत होता. तिने गाडीची किल्ली काढली आणि रूडीच्या तळहातावर ठेवली.

रूडी किल्लीकडे बघत उभा राहिला. मग त्याने लेनीच्या हातातून डबा घेतला, उरलेलं पेट्रोल बरणीत ओतलं, बरणी खोक्यात बसवली आणि चालवायला बसला. मी खिडकीपाशी गेले आणि सवयीने हात पुढे केला.

“दे बूट.”

“नाही,” तो म्हणाला. “आज बुटासकट.”

आणि काय सांगू! गाडी अशी किंचाळली की नोव्हाकांची डुकरं गोठ्याच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटली. मागच्या चाकांनी खडी उडवली ती लेनीच्या पन्नासवाल्या गाडीवर. रूडीने पहिल्या गिअरमध्येच तिला इतकं ताणलं की सासऱ्यांनी थडग्यात कूस बदलली असेल. मग दुसरा, मग तिसरा, ओव्हरड्राइव्हला हातही न लावता. मक्यामधून धुळीचा एक मोठा लोट निघाला आणि त्यातून माझ्या नवऱ्याचं ओरडणं ऐकू येत होतं. शब्द नव्हते त्यात. तेहतीस वर्षांत मी त्याला कधी असं ओरडताना ऐकलं नव्हतं.

मग आवाज थांबला.

“संपलं,” लेनी म्हणाला. “बापरे. गॅलनला नऊसुद्धा पडले नसतील.”

“भांडी उचला,” सासूबाई खुर्चीतून उठल्या. “जिथे थांबेल तिथे पंगत.”

आम्ही पोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला गवतात पाय पसरून बसला होता. पुलाचं सोडा, पवनचक्कीसुद्धा अजून पुढे होती. धुळीने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी शेजारी बसले. त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग त्याने लीडाला हाक मारली आणि किल्ली तिच्या ओंजळीत टाकली.

“विकायची नाही?” ती म्हणाली. तिचा विश्वासच बसत नव्हता.

“रोज कामाला ने. रोज संध्याकाळी बाबीकडे घेऊन ये. एक अट आहे.”

“कसली?”

“मी कितीही मागितली तरी मला चालवायला द्यायची नाही,” रूडी म्हणाला, आणि सगळ्या खानदानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पुढे म्हणाला, “माझा पाय जड आहे.”

जॉर्जीन रडायला लागली, लेनी गाडीवरचे ओरखडे मोजायला लागला, आणि मी बदकांवरचं फडकं काढलं.